चार वाजताची साखर

गेल्या वर्षी कंपनीच्या आरोग्य तपासणीत माझा एचबीएवनसी ५.९ आला. हा आकडा साधारण तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. मी अठ्ठावीस वर्षांचा, आणि अण्णांना म्हणजे माझ्या वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला चहा किती?" मी म्हणालो, "पाच-सहा." "साखर किती घालता?" यावर मी गप्प बसलो. ऑफिसच्या मशीनचा चहा साखर घालूनच येतो. त्यात ती किती असते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग इंजिनिअर माणूस जे करतो तेच मी केलं. ॲप टाकलं. एकवीस दिवस साखर बंद. रोज एक हिरवी खूण, एक दिवस चुकला की मोजणी परत शून्यावर. आठ दिवस झकास गेले. नवव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास प्रॉडक्शनमध्ये काहीतरी फुटलं, कॉलवर सगळे एकमेकांवर ढकलत होते, आणि कॉल संपल्यावर मी पँट्रीत उभ्याउभ्या क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. तेवढ्यात फोन थरथरला. ॲप विचारत होतं, आज साखरेला नाही म्हणालात ना?

त्यानंतरच्या सहा महिन्यांत गोडाची तल्लफ कशी आवरायची, यावर मिळेल ते मी वाचलं आणि पाहिलं. त्यातल्या बहुतेकांनी मला माझीच लाज वाटायला लावली. एका पुस्तकानं मात्र माझ्या घड्याळाकडे बोट दाखवलं. गंमत म्हणजे ते पुस्तक साखर सोडा असं कुठेच सांगत नाही. सिडनी मिन्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचं 'स्वीटनेस अँड पॉवर', १९८५ साली आलेलं. मला त्याच्याबद्दल चांगलं बरंच बोलायचं आहे. आणि शेवटी थोडं भांडायचंही आहे.

आधी एका सिनेमाबद्दल, कारण या विषयात तोच सगळ्यात सहज हाताशी येतो. 'दॅट शुगर फिल्म' हा २०१४चा ऑस्ट्रेलियन माहितीपट. दिग्दर्शक डेमन गॅमो स्वतःवर प्रयोग करतो. साठ दिवस, रोज चाळीस चमचे साखर. अट अशी की चॉकलेट, आइस्क्रीम, शीतपेय काही नाही. ही सगळी साखर 'हेल्दी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांतून यायला हवी, म्हणजे ज्यूस, लो फॅट योगर्ट, सीरियल. सिनेमा चटपटीत आहे आणि एक काम चोख करतो. तो पाहिल्यावर मी माझ्या ड्रॉवरमधल्या ग्रॅनोला बारचं पाकीट उलटं करून वाचलं आणि तो बार दुसऱ्याला देऊन टाकला.

पण गॅमोला साखरेची ओढ नाही. तो साखर खातो ते शूटिंगसाठी, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि साठ दिवस झाले की थांबतो. ज्याला थांबता येत नाही त्याची गोष्ट या सिनेमात नाही. एका ठिकाणी मात्र तो त्या गोष्टीच्या अगदी जवळ जातो. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अमाटा या आदिवासी वस्तीत. तिथे लोक साखरेबद्दल एकेकट्यानं निश्चय करत बसलेले नाहीत. गावातल्या दुकानात काय विकायचं आणि काय नाही, हे त्यांनी मिळून ठरवायला घेतलेलं आहे. माझ्या मते सिनेमातला हा सगळ्यात मोलाचा भाग. प्रश्न दुकानाच्या फळीवर आहे, मनाच्या ताकदीत नाही, हे इथे दिसतं. पण सिनेमा तिथे रमत नाही. तो लगेच गॅमोच्या वाढलेल्या पोटाकडे परततो. माझ्या ॲपचंही हेच चुकलं होतं. त्याला माझ्यापलीकडचं काही दिसतच नव्हतं.

मिन्ट्झ सुरुवात करतो उसाच्या फडातून. १९४८ साली तो संशोधक म्हणून प्वेर्तो रिकोच्या दक्षिण किनाऱ्यावर राहायला गेला. चहूकडे ऊस, आणि ऊस तोडणाऱ्यांची वस्ती. तिथे त्याला प्रश्न पडला की हे सगळं पिकतं कुणासाठी? खाणाऱ्याला याची इतकी गरज का लागते? आणि ती आधीपासून होती की कुणी घडवली? पुस्तकाची पाच प्रकरणं या प्रश्नाचा पाठलाग करतात, आणि त्यासाठी मिन्ट्झ इंग्लंड निवडतो.

गोष्ट थोडक्यात अशी. उसाचा रस आटवून त्याचे खडे करायची विद्या आपल्याकडची. संस्कृतातली शर्करा अरबीत सुक्कर झाली आणि युरोपात शुगर. १४९३ साली कोलंबसानं दुसऱ्या सफरीत ऊस अटलांटिकपार नेला. मग कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या मजुरीवर मळे उभे राहिले. इंग्लंडमध्ये साखर आधी औषध होती, मसाला होती, आणि राजवाड्यात सजावटीची वस्तू होती. मेजवानीत साखरेचे किल्ले, प्राणी, माणसं करून मांडत. १६५०च्या सुमारास ती श्रीमंतांच्या सवयीची झाली, १८००पर्यंत सगळ्यांच्या गरजेची. आणि १९०० साली इंग्रज माणसाच्या आहारातल्या उष्मांकांचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या साखरेतून येत होता.

साखरेच्या किल्ल्यांपाशी मी थबकलो. माझ्या बहिणीच्या पहिल्या संक्रांतीला आईनं हलव्याचे दागिने केले होते. काळी साडी, गळ्यात पांढऱ्या काटेरी हलव्याचा हार, हातात हलव्याचेच वाळे. लग्न ठरतं तेव्हा आपल्याकडे साखरपुडा होतो, म्हणजे शब्दशः साखरेची पुडी. साखर पुडीत बांधून द्यावी इतकी मोलाची होती, त्या काळाची आठवण आपल्या भाषेत अजून शाबूत आहे. मिन्ट्झचं म्हणणं असं की साखर स्वस्त झाली की दोन गोष्टी घडतात. ती जुन्या मानाच्या जागा धरून ठेवते, आणि रोजच्या साध्या जागांतही शिरते. आपल्याकडे दोन्ही झालं. संक्रांतीचा हलवा राहिला, आणि मशीनचा चहाही आला.

पुस्तकाचा गाभा हा त्या रोजच्या जागेबद्दल आहे. इंग्लंडच्या गिरण्यांतल्या कामगाराला गरम जेवायला वेळ नव्हता. घरी रांधायला कुणी नव्हतं, कारण बाईही कामावर. अशा वेळी उकळतं पाणी, चहापत्ती आणि भरपूर साखर एवढ्यावर थंड पाव गरम जेवणासारखा वाटायचा. थकवा गेल्यासारखा वाटायचा, भूक मरायची, आणि माणूस परत यंत्रापाशी उभा राहायचा. मुलांना पाव आणि जॅम. १८७४ साली ब्रिटननं साखरेवरचा कर काढून टाकला आणि ती आणखी स्वस्त झाली. गोड आवडणं माणसाला उपजत असतं, हे मिन्ट्झ नाकारत नाही. त्याचं म्हणणं इतकंच की उपजत आवडीतून वर्षाला अमुक इतके किलो साखर निघत नाही. ती निघते कामाच्या तासांतून, मजुरीच्या दरातून, आणि साखर खपावी अशी ज्यांची इच्छा आहे त्यांच्या सत्तेतून. पुस्तकाच्या नावातली 'पॉवर' ती ही.

हे वाचताना मला माझी पँट्री दिसली. चार वाजताचा ब्रेक, फुकट चहा, फुकट बिस्किटं. दुपारचं जेवण मीटिंगमुळे दीडचं अडीचला गेलेलं, नाहीतर स्क्रीनसमोरच उरकलेलं. अमेरिकेतली मंडळी संध्याकाळी ऑनलाइन येणार, म्हणजे दिवस संपायला अजून पाच तास. या सगळ्यात क्रीमचं बिस्किट माझा कमकुवतपणा नव्हतं. ते त्या दिवसाच्या डिझाइनचाच भाग होतं. कंपनीनं ते तिथे दुष्टपणानं ठेवलंय असं नाही. पण जेवणाच्या सुट्टीपेक्षा ते स्वस्त पडतं, हेही खरं.

मिन्ट्झ मेंदूत शिरत नाही. त्याला पूरक म्हणून एक संशोधन सांगतो, कारण आमच्या धंद्यात मशीन लर्निंगवाल्यांना ते पाठ असतं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींची नोंद घेतली. माकडाला गोड रसाचा थेंब मिळाला की पेशी उसळायच्या. पण रसाच्या आधी दर वेळी दिवा लागू लागला, तसं काही दिवसांनी पेशी रसाला उसळेनाशा झाल्या आणि दिव्याला उसळू लागल्या. दिवा लागून रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या मंदावायच्या. शुल्ट्झ, डायन आणि मॉन्टेग यांचा यावरचा लेख १९९७ साली 'सायन्स'मध्ये आला. तल्लफ रसाची कमी आणि दिव्याची जास्त, हे समजलं की माझ्या ॲपचा विनोद लक्षात येतो. रोज चार वाजता साखरेची आठवण करून देणारा आणखी एक दिवा मी स्वतःच खिशात घेऊन फिरत होतो.

इथपर्यंत मी मिन्ट्झच्या बाजूनं. आता भांडण.

आमचं घर उसाच्या पट्ट्यात आहे. माझ्या इंजिनिअरिंगची फी उसाच्या बिलातून भरली गेली. मिन्ट्झच्या जगात ऊस एका टोकाला आणि चहाचा कप हजारो मैल लांब दुसऱ्या टोकाला. महाराष्ट्रात ही टोकं जवळ आली. १९५०मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी कारखाना उभा राहिला, पुढे तसे आणखी झाले, आणि ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला. अण्णाही एका कारखान्याचे सभासद. दिवाळीला सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते. म्हणून मधुमेही माणसाच्या घरात दिवाळीत साखरेचं पोतं असतं.

माझा रिपोर्ट आला त्या दिवाळीत मी घरी गेलो. रात्री पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात अंधारात कुणीतरी उभं. दिवा लावला. अण्णा होते. पोत्याचं तोंड उघडलेलं, मूठ साखरेची, तोंडात साखर. मी ओरडलो. "अण्णा, लाज वाटते का काही? पाय कापायची वेळ आणायचीय का?" आई उठून आली. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी मूठ पोत्यावर धरून हळूच उघडली, एक दाणा खाली सांडू दिला नाही, आणि झोपायला गेले. वीस दिवसही साखर न सोडू शकलेला मी, माझ्या बापाला लाज विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर ते आपणहून म्हणाले, "अरे, दिवसभर आता असतं काय मला?" गुडघे गेल्यापासून त्यांचं रानात जाणं बंद झालं होतं. मग जुनं सांगत बसले. चार वाजले की आई किटली घेऊन बांधावर यायची. सगळे हातातलं टाकून बसायचे. "चहा आला की बसता यायचं. नुसतं बसलं तर लोक आळशी म्हणतात."

मी 'स्वीटनेस अँड पॉवर' त्यानंतर दुसऱ्यांदा वाचलं. आणि जे पहिल्यांदा जाणवलं नव्हतं ते जाणवलं. या पुस्तकात असं बोलणारं कुणी नाही. साखरेनं कामगाराची भूक मारली, त्याला यंत्रापाशी परत नेलं, हे मिन्ट्झ सिद्ध करतो. पण त्या कामगाराला तो कप म्हणजे काय वाटत होतं? कदाचित दिवसातली बसायची एकुलती परवानगी. लाच आणि विसावा एकाच कपात असू शकतात. मिन्ट्झच्या हिशेबात लाच बरोबर मांडली आहे, विसावा निसटला आहे. खाणारा माणूस त्याच्याकडे आकड्यांत आणि तक्त्यांत येतो, बोलायला येत नाही.

हे जास्त खटकतं, कारण मिन्ट्झला हे करता येत होतं. प्वेर्तो रिकोतल्या तासो नावाच्या ऊसतोड कामगाराचं आयुष्य त्यानं १९६०च्या 'वर्कर इन द केन' या पुस्तकात मांडलं आहे, आणि त्यात तासो स्वतः बोलतो. म्हणजे तोडणाऱ्याला आवाज मिळाला, खाणाऱ्याला मिळाला नाही. मेलेल्या इंग्रज गिरणीकामगारांची मुलाखत घेता येत नाही, हे मान्य. पण शेवटच्या प्रकरणात मिन्ट्झ स्वतःच्या काळापर्यंत येतो. लोक एकत्र जेवेनासे झालेत, वेळ नाही म्हणत येताजाता खात सुटलेत, असं नोंदवतो. तिथे तरी एखाद्या खाणाऱ्याला त्यानं विचारायला हवं होतं. विचारलं नाही की माणूस निव्वळ बळी दिसतो. आणि बळी ठरवलेल्या माणसावर दिवा लावून ओरडणं सोपं जातं.

तरीही या पुस्तकातला एक परिच्छेद मी विसरू शकत नाही. इंग्लंडच्या गरीब घरांत मांस असलं तर ते कमावत्या पुरुषाच्या ताटात जायचं, आणि बायकापोरं साखरेवर भागवायची, असं मिन्ट्झ दाखवतो. मला आमच्या रानाच्या कडेच्या कोप्या आठवल्या. दर हंगामाला मराठवाड्यातून तोडणीसाठी माणसं यायची. उचल घेऊन आलेली. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता'. माणसं मोजायची ती हत्याराच्या नावानं. पहाटे अंधारात आईबाप फडात गेले की मागे राहिलेली पोरं काळ्या गोड चहात शिळी भाकरी बुडवून खायची. मी त्यांच्याच वयाचा होतो आणि मला त्या चहाचा हेवा वाटायचा, कारण माझी आई मला दूध प्यायला लावायची. ती पोरं भूक मारत होती, हे समजायला मला एका अमेरिकन माणसाचं इंग्लंडवरचं पुस्तक वाचावं लागलं.

आता तल्लफ आवरण्याचं काय? या पुस्तकानं मला उपाय दिला नाही, पण उपाय कुठे शोधायचा ती जागा दाखवली. मी ॲप काढून टाकलं. दुपारचं जेवण कॅलेंडरवर मीटिंगसारखं अडवून ठेवलं, आणि डब्यात उसळ आली. भुकेल्या पोटी चार वाजले नाहीत, तर चार वाजणं निम्मं सोपं असतं. बिनसाखरेचा चहा थर्मासमध्ये नेतो. त्या वेळी पँट्रीत जात नाही, खाली जातो आणि दहा मिनिटं कट्ट्यावर बसतो. नुसतं, हातात काही नसताना. पहिले काही दिवस चोरी केल्यासारखं वाटलं. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस आहे की वरून घातलेली साखर, मध आणि ज्यूसमधली साखर धरून एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या, म्हणजे दिवसाला साधारण सहा चमचे. काही दिवस मी त्यात बसतो, काही दिवस नाही. शून्यावर कुणी नेत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत सुरू करता येतं. परवाचा आकडा ५.७ आला. अजून उंबरठ्यावरच.

अण्णांना मी चार वाजता फोन करतो. ते त्यांचा बिनसाखरेचा चहा घेऊन शेजारच्या काकांच्या ओसरीवर बसलेले असतात. चालत तेवढं जाता येतं. मधूनच कुणाच्या तरी घरचा पेढा झालेला असतो, ते आवाजावरून कळतं. मी विचारत नाही. डॉक्टर विचारतात, आणि त्यांना ते खरं सांगतात. मला खरं सांगायचे नाहीत, ते का, हे मला माहीत आहे.

'स्वीटनेस अँड पॉवर' वाचायचं तर थेट तिसऱ्या प्रकरणापासून वाचा, उपभोगाबद्दलच्या, मग चौथं. दुसरं, उत्पादनाचं, जरा जड आहे, पण नंतर नक्की वाचा. मोबाइलवर वाचलंत तर तळटीपा सोडू नका. आणि वाचता वाचता घरात ज्याला गोड सुटत नाही अशा कुणाला तरी विचारा, तुला ते कधी हवं वाटतं? मिन्ट्झनं न लिहिलेलं प्रकरण तिथे मिळेल.

एक गाठ मात्र मला सुटलेली नाही. मी साखर कमी केली, अण्णांनी केली, पण आमच्या रानात ऊसच उभा आहे. मागच्या महिन्यात मी हे बोललो, तर अण्णा हसले. "नको लावायला तर नको. पण मग काय लावू, ते सांग." फोनवर बराच वेळ दोघंही गप्प होतो. या हंगामाची तोड आमच्याकडे पुढच्या आठवड्यात येणार आहे. दहा कोयते, म्हणजे वीस माणसं, आणि त्यांची पोरं वेगळी. आईला मी एवढंच म्हणालोय, की पोरांना सकाळी दूध देता आलं तर बघ.